पाहुण्यांना मोकळं सोडणाऱ्या आमच्या बचावफळीस

कुपवाड

आमच्या बास्केटबॉल संघाच्या सन्माननीय बचावफळीस,



सर्वप्रथम अभिनंदन. हंगाम संपला. आपण जेवढे सामने हरलो, त्यातल्या एकाही सामन्यात रिंगखाली आपली इज्जत गेली नाही. समोरचा कुणी आपल्या दोन उंच गड्यांच्या मधून घुसला आणि सहज लेअप मारून गेला, असं कुणी म्हणू शकणार नाही. जे काही झालं ते लांबून झालं, तीन गुणांच्या रेषेबाहेरून. धक्का नाही, बुक्की नाही, पंचांशी वाद नाही. इतक्या सभ्यपणे हरणारा संघ आपल्या जिल्ह्यात दुसरा नसावा.

पाहुणचाराच्या बाबतीत तर तुम्ही कुपवाडचं नाव पार कृष्णेपलीकडे नेलंत. मिरजेचे आले, तासगावचे आले, विश्रामबागेतली कॉलेजची पोरं आली. ज्याचा ज्याचा शूटर फॉर्म हरवून बसला होता, तो आपल्या मैदानावर येऊन बरा होऊन गेला. एका पाहुण्या संघाच्या कोचनी तर चहा पिता पिता विचारलं, की फायनलच्या आदल्या दिवशी तुमच्याशी एक मैत्रीचा सामना मिळेल का, आमच्या पोरांचा हात बसेल. मी हो म्हणून टाकलं. तुमच्या वतीनं नाही म्हणायचा मला अधिकार नाही आणि तुम्ही स्वतः कुणाला नाही म्हणाल असं वाटलं नाही.

तुमच्या बचावाचं शास्त्र मी बाकावर बसून समजून घेतलंय. दोन पुढे, तीन मागे, म्हणजे टू-थ्री झोन. चेंडू मधोमध असतो तेव्हा चित्र फार देखणं दिसतं. पाचही जण गुडघ्यात वाकलेले, हात पसरलेले. वाढदिवसाच्या बॅनरवर छापावा असा फोटो. मग पहिला पास बाजूला जातो आणि पुढचा एक गडी तिकडे सरकतो. इथपर्यंत ठीक. दुसरा पास कोपऱ्यात जातो. आता मागच्या तिघांतल्या त्या बाजूच्या गड्यानं बाहेर धावायचं, मधल्यानं त्याची जागा भरायची, पलीकडच्यानं मध्ये यायचं, आणि हे तिघांनी चेंडू हवेत असतानाच करायचं. आपल्याकडे चेंडू पोचतो, शूटर पाय जुळवतो, शिवणीवर बोटं लावतो, रिंगकडे निवांत बघतो, तरी आपले तिघं एकमेकांकडे बघत उभे. चेंडू जाळीतून खाली आला की मगच आवाज फुटतो.

“तुझा होता की रे!”

“माझा कसा? मी आत होतो.”

“मी आत होतो.” हेच तुमचं ब्रीद. आत असलेल्या माणसावर कधी ठपका येत नाही, हे तुम्ही बरोबर हेरलंय. रिंगखाली बास्केट झाला की गुन्हेगार लगेच सापडतो. कुणाच्या काखेखालून गेला, कुणाचे पाय हलले नाहीत, हे पहिल्या रांगेतल्या आजोबांनाही दिसतं. कोपऱ्यातून तीन गुण गेले तर आरोपी कोण? बाहेर न गेलेला, जागा न भरलेला, की वेळेत हाक न मारलेला? तिघांत वाटली की चूक कुणाचीच राहत नाही. त्यामुळं तुम्ही गुण वाचवत नाही, नाव वाचवता. दोन गुण गेले तर नाव जातं आणि तीन गेले तर फक्त सामना जातो. हा हिशेब तुमच्या पायांत इतका मुरलाय, की चेंडू कोपऱ्यात गेला तरी ते रंगवलेल्या चौकटीबाहेर निघत नाहीत.

सामन्यानंतरचं तुमचं निवेदनही पाठ झालंय. “आज त्यांचे लागले.” यावर मी तुमच्याशी भांडणार नाही, कारण यात अर्धं सत्य आहे. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची आकडेवारी मांडणारे केन पॉमरॉय बऱ्याच वर्षांपासून सांगत आलेत, की समोरच्याचे लांबचे फटके शेकडा किती लागतात यावर बचावाचा ताबा फार थोडा असतो. एका रात्री लागतात, दुसऱ्या रात्री नाही. पण त्याच माणसाचं पुढचं म्हणणं तुमच्यापर्यंत पोचलेलं दिसत नाही. किती फटके मारू द्यायचे, हे मात्र बचावाच्या हातात असतं. त्यांचे लागले ते नशीब मानू. त्यांनी तीस मारले, ते कुणाच्या नशिबानं?

हिशेब तोंडीच होतो. आतून शंभर फटके मारले आणि पन्नास लागले, तर शंभर गुण. बाहेरून शंभर मारले आणि चौतीसच लागले, तरी एकशे दोन. तुमच्या डोळ्यांना दिसतात ते चुकलेले सहासष्ट. दर चुकीला तुम्ही टाळी देता, “बघ, नाही लागला!” आणि गुणफलकावर आपण दोननं मागे असतो. समोरचा संघ चुकत राहील, या एकाच भरवशावर तुमची सगळी योजना उभी आहे. असं होत नाही असंही नाही. २८ मे २०१८ रोजी अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या उपांत्य फेरीतल्या सातव्या, निर्णायक सामन्यात ह्यूस्टन रॉकेट्सचे लांबचे सलग सत्तावीस फटके चुकले आणि गोल्डन स्टेट वॉरियर्स अंतिम फेरीत गेले. तेव्हा पुढच्या वर्षी ड्रॉ निघेल त्या वेळी आपल्या गटात ह्यूस्टन यावं, एवढाच नवस बोलायचा.

शिवाय तुमचं थोडं चुकलंच असेल, तर ते तारखेत. तीन गुणांची रेषा एनबीएनं १९७९-८० च्या हंगामात आणली. पहिला तीन गुणांचा फटका १२ ऑक्टोबर १९७९ ला बॉस्टनच्या क्रिस फोर्डच्या नावावर लागला. त्या हंगामात एकेक संघ सामन्यामागे असे जेमतेम तीन फटके मारायचा. हे काय थेर, म्हणून कोच नाक मुरडायचे. कोपरा मोकळा सोडणं तिथं खपून गेलं असतं. आता तिकडचा संघ एका सामन्यात पस्तीसहून जास्त मारतो आणि तेच व्हिडिओ मोबाईलवर बघून मिरजेतलं नववीतलं पोरगंही स्टेफ करीसारखं मागे सरकून मारतंय. तुम्ही मात्र अजून १९८० च्या बॉस्टनला अडवताय.

जागतिक संघटनेनं, म्हणजे फिबानं, ही रेषा १९८४ मध्ये घेतली. तेव्हा अंतर ६.२५ मीटर होतं. २०१० मध्ये ते ६.७५ केलं. त्याच वेळी रिंगखालची ती खाली पसरत जाणारी जुनी चौकट जाऊन सरळ आयत आला. आपल्या सिमेंटच्या मैदानावर या दोन्ही राजवटींचा रंग एकावर एक आहे, हे तुम्हाला सांगायला नको. पण मी बारकाईनं पाहिलंय, तुम्ही कधी बाहेर धावलात, तर नेमके जुन्या रेषेपर्यंत धावता. तिथं थांबून हात वर करता आणि चेंडू हाताच्या दोन वीत पलीकडून निघून जातो. पाहुणे नव्या रेषेबाहेर असतात. तुम्ही जुन्या नियमाशी प्रामाणिक आहात, एवढंच.

थट्टा थोडी बाजूला ठेवतो. सगळा दोष तुमचा नाही. आपला भाग कबड्डीचा आणि कुस्तीचा. कवठेपिरानच्या पैलवान मारुती मानेंचं नाव ऐकत वाढलेली ही माणसं. अंगाला अंग भिडल्याशिवाय आपल्याला खेळ झाल्यासारखं वाटतच नाही. कबड्डीत बचाव करणारा मागे सरतो, चढाईवाल्याला आत येऊ देतो आणि खोल आला की घोट्याला धरतो. यात चूक काही नाही, कारण गुण घ्यायला त्याला आत यावंच लागतं. कोपऱ्यातल्या शूटरला कुठंच यावं लागत नाही. तुम्ही “ये, ये” म्हणत मागे सरता आणि तो तिथूनच काम उरकून मागे पळतो. आणखी वाईट म्हणजे त्याला धरायचीही सोय नाही. त्याच्यापुढं हात उंच न्यायचा, नजर झाकायची, पण अंगाला लागायचं नाही आणि उडी मारून तो जिथं खाली येणार त्या जागेवर पाय ठेवायचा नाही. लागलात तर तीन फ्री थ्रो, आणि चेंडू आत गेला असेल तर तीन गुण धरून वर आणखी एक. म्हणजे पूर्ण वेगानं धावत जायचं आणि शेवटच्या दोन पावलांत आखूड पावलं टाकून स्वतःला आवरायचं. पकड करण्यात हयात गेलेल्या माणसाला हे न पकडणं किती जड जातं, ते मला कळतं. पण एक शंका उरतेच. कबड्डीच्या मैदानावर हीच पोरं बोनस रेषेवर डोळ्यात तेल घालून असतात. चढाईवाल्याचा मागचा पाय उचलला की नाही, यावर पंचांशी हुज्जत घालतात. तिथल्या एका गुणाची इतकी काळजी, मग इथल्या तीन गुणांच्या रेषेनं काय पाप केलं?

तुमच्यापैकी एकानं परवा मला ऐकवलं, “काका, इंडियाच्या टीमला पण जमलं नाही.” खरंय. ५ ऑगस्ट २०२५, जेद्दा, आशिया कप. आपला संघ जॉर्डनविरुद्ध पुढे होता आणि वेळ संपता संपता त्यांनी लांबून तीन गुण टाकून बरोबरी केली. जादा वेळेत ९१-८४ नं सामना गेला. रात्रभर चुटपुट लागली होती. पण त्या पराभवाशी आपल्या पराभवाची सोयरीक जुळवू नका. तिथं शेवटच्या क्षणी, आशियातल्या एका तगड्या संघानं तो फटका मारला. तीन गुणांची आघाडी असताना मुद्दाम फाउल करून दोन फ्री थ्रो द्यावेत, की रेषेवर उभं राहून झुंजावं, यावर जगभरचे कोच अजून वाद घालतात. आपल्याकडे वाद घालायला शेवटचा क्षण उरतच नाही. पहिल्या क्वार्टरमध्येच कोपऱ्यातला माणूस असा मोकळा असतो, की कुणी जाऊन त्याला सावलीत बसायला सांगावं.

कोपऱ्याचं मला जास्तच लागतं, कारण मी कुपवाडचा. ९ फेब्रुवारी १९९८ ला महापालिका झाली तेव्हा पाटीवर सांगली, मिरज आणि शेवटी कुपवाड अशी नावं आली. तेव्हापासून रस्ता म्हणा, गटार म्हणा, जे काही फिरत येतं ते आधी मधे जातं, मग बाजूला आणि उरलं तर कोपऱ्यात. एमआयडीसीत रात्रपाळी करून आलेला माणूस खड्ड्यात गाडी घालतो तेव्हा तोही तेच ऐकतो, तुझा वॉर्ड, माझा नव्हे. तीन गुणांच्या रेषेवर आपण नेमके तसेच वागतो. कोपऱ्यात ती रेषा रिंगपासून ६.७५ नव्हे, ६.६० मीटरवर असते आणि बाजूच्या रेषेपर्यंत फक्त नव्वद सेंटीमीटरची पट्टी उरते. सगळ्यात जवळचा, म्हणून सगळ्यात स्वस्त तीन गुणांचा फटका तिथलाच. तिथं उभ्या माणसाला मागे सरायला जागा नाही, एका बाजूला मैदान संपलेलं. धावून गेलात तर तो अडकतो. मैदानावरची ही एकच जागा अशी, जिथं रेषाच तुमच्या बाजूनं बचाव करते. आणि तिथंच तुम्ही फिरकत नाही. कुपवाडकरांनीच कोपरा सोडावा?

आता मागणी. झोन सोडा असं मी म्हणत नाही, तुमची उंची आणि दम पाहता मॅन टू मॅन खेळलात तर तिसऱ्या क्वार्टरला रुग्णवाहिका बोलवावी लागेल. पूर्ण रेषा मोजली तर साधारण चोवीस मीटर भरते. पाच जणांनी ती सगळी राखायची म्हटलं तर कुणालाच जमणार नाही, एनबीएतही जमत नाही. पण कोपरे दोनच आहेत. कोणता गडी कुठल्या कोपऱ्याचा, हे सामन्याआधी नाव घेऊन ठरवा. पास सुटताच धावायचं, पोचल्यावर नाही. मधल्यानं तोंड उघडून “गेलो” म्हणायचं. आणि त्या कोपऱ्यातून किती फटके सुटले, त्याची वही ठेवा. किती लागले, ते लिहू नका. वही लिहायला मी तयार आहे. कोपऱ्यातून फटका सुटला की त्या बाजूच्या गड्याचं नाव मी लिहिणार, तो आत होता की बाहेर, हे न विचारता. दोन उंच गड्यांची हरकत मला आधीच माहीत आहे. कोपऱ्यात गेलो तर मागून कुणीतरी घुसून लेअप मारेल. मारू दे. दोनच गुण आहेत.

अजून एक. थ्री बाय थ्रीच्या स्पर्धेत नाव घालायचं तुमच्यातल्या तिघांच्या मनात आहे असं कानावर आलंय. कृपा करून घालू नका. तिथं आतून एक गुण आणि रेषेबाहेरून दोन, म्हणजे बाहेरचा फटका थेट दुप्पट. एकवीस गुण झाले की सामना संपतो. आपल्या बचावात ते लोक चहा गार व्हायच्या आत संपवतील.

कळावे. राग आला असेल तर तो कोपऱ्यापर्यंत घेऊन यावा.

आपला,
रिंगच्या मागच्या बाकावरचा एक कुपवाडकर

ता. क. : रविवारी सकाळी सातला मैदानावर या. जुनी रेषा खरवडून काढायची आहे. रंग मी आणतो, सुतळी आणि मोजायचा टेप तुम्ही आणा. सुतळीचं एक टोक रिंगच्या बरोबर खाली धरायला एक माणूस लागेल. ते काम उंच गड्यांना नको, त्यांना दोन्ही कोपऱ्यांत रंगवायला बसवू.