शास्त्रींचा पहिला क्रमांक

रविवारी सकाळी साडेसातला सोसायटीतली बाकीची मंडळी दुधाची पिशवी आत घेऊन पुन्हा पांघरुणात शिरतात, तेव्हा शास्त्री टीव्हीसमोर बसलेले असतात. अमेरिकेतली शनिवार रात्र म्हणजे आपली रविवार सकाळ, ही सोय देवाने खास आपल्यासाठी करून ठेवली आहे असं त्यांचं मत आहे. हिवाळ्यात तिकडची घड्याळं मागे सरकतात आणि यूएफसी या पिंजऱ्यातल्या झुंजी भरवणाऱ्या कंपनीच्या मुख्य लढती आपल्याकडे तासभर उशिरा सुरू होतात. ती तारीख त्यांना लग्नाच्या वाढदिवसापेक्षा पक्की पाठ असते.

शास्त्री हे आडनाव नव्हे, मित्रांनी दिलेली पदवी आहे. शास्त्रार्थाचा विषय एकच: एमएमएमध्ये, म्हणजे मिश्र युद्धकलांच्या खेळात, आजवरचा सर्वश्रेष्ठ कोण? पेशाने ते विमा कंपनीत दावे तपासतात. दावा मंजूर करण्यापेक्षा नामंजूर करण्यात अक्कल लागते, हे तिथे शिकलेलं तत्त्व त्यांनी अष्टकोनी पिंजऱ्यालाही लावलं आहे. त्यांच्यासमोर कुणाही विजेत्याचं नाव काढा, ते आधी चष्मा पुसतात. म्हणजे फाइल उघडली.

खबीब नुरमागोमेदोव? एकोणतीस लढती, एकोणतीस विजय. 2020 च्या जुलैत वडील गेले, ऑक्टोबरमध्ये अबू धाबीत जस्टिन गेजीला त्याने गळफास घालून हरवलं आणि तिथेच निवृत्ती जाहीर केली. ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात. शास्त्रींचे कोरडेच राहतात. "किताब किती वेळा राखला? तीन. फक्त तीन. नामंजूर."

दिमित्रियस जॉन्सनने तर अकरा वेळा राखला. 2017 साली रे बोर्गला हवेत उचलून आपटता आपटता, तो जमिनीला टेकायच्या आतच त्याचा हात कुलपात अडकवला, हे तरी मान्य? मान्य. "पण त्या वजनगटात होतं कोण?" अँडरसन सिल्व्हा? सलग सोळा विजय, सुमारे पावणेसात वर्षं गादीवर. पण 2015 ची उत्तेजक चाचणी. फेडोर एमेल्यानेन्को? जवळजवळ दहा वर्षं त्याला कुणी हरवू शकलं नव्हतं. पण यूएफसीत एकही लढत नाही. तरी आपल्या वहीतल्या यादीत दहावा क्रमांक त्याला दिला आहे, आणि तोही शास्त्रींच्या मते सढळ हाताने.

मग पहिला कोण? इथे शास्त्री खुर्चीत सावरून बसतात. पहिला जॉर्ज सेंट पिएर. कॅनडातल्या क्युबेकचा, कराटेतून आलेला, सभ्य, शर्यतीच्या घोड्यासारखा तुकतुकीत. वेल्टरवेटचा किताब सलग नऊ वेळा राखला, एकाही चाचणीत सापडला नाही आणि ज्या दोघांकडून हरला त्या दोघांनाही नंतर हरवलं. निवड वाईट नाही. जाणकारांच्या कोणत्याही यादीत हा माणूस पहिल्या चार-पाचांत असतोच. गंमत निवडीत नाही, तिच्या संरक्षणासाठी शास्त्रींनी बांधलेल्या तटबंदीत आहे.

या तटबंदीवर दर रविवारी चाल करून येतो तो त्यांचा बँकेतला मित्र. तो जॉन जोन्सवाला. लढती संपल्या की दोघं नाक्यावर मिसळ खायला जातात. पहिला पाव संपायच्या आत जोन्स ताटात आलेला असतो.

"तेविसाव्या वर्षी चॅम्पियन," बँकवाला सुरू करतो. "यूएफसीत त्याच्याइतका लहान कुणी झालेला नाही. हेवीवेटमध्ये गेला तर गानला दोन मिनिटं चार सेकंदांत संपवलं. आणि आख्ख्या कारकिर्दीत हार किती? एक! तीही 2009 ची, हॅमिलबरोबरची. हॅमिल खाली पडलाय, हा मारतोय, आणि पंच म्हणे, कोपर सरळ वरून खाली आणायचं नाही. घड्याळातल्या बारावरून सहावर. आता तो नियमच काढून टाकलाय, 2024 च्या नोव्हेंबरपासून. म्हणजे ज्या गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली तो आज गुन्हाच नाही!"

"पंचांनी दिला तो निकाल," शास्त्री थंडपणे म्हणतात आणि रश्शात लिंबू पिळतात. "निकालाच्या मागे जायचं नसतं."

हे वाक्य नीट लक्षात ठेवायला हवं, कारण पाचच मिनिटांत शास्त्री निकालाच्या मागे जाणार असतात. 2020 च्या फेब्रुवारीत ह्यूस्टनला जोन्स आणि डॉमिनिक रेयेस पूर्ण पंचवीस मिनिटं लढले. प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण, हरणाऱ्याला बहुधा नऊ, आणि पिंजऱ्याबाहेर बसलेले तीन गुणपंच. तिघांनीही जोन्सला जिंकवलं, त्यातल्या एकाने तर पाचपैकी चार फेऱ्या त्याला दिल्या. पाहणाऱ्यांपैकी अनेकांच्या हिशेबात पहिल्या तीन फेऱ्या रेयेसच्या होत्या. शास्त्रींच्या वहीत ती लढत जोन्सची हार म्हणून नोंदलेली आहे. लाल शाईत.

"आणि हेंड्रिक्स?" बँकवाला विचारतो.

शास्त्री पाव मोडतात. उत्तर देत नाहीत.

हेंड्रिक्स हे या तटबंदीतलं खिंडार आहे. 2013 च्या नोव्हेंबरात लास वेगासला जॉनी हेंड्रिक्सने सेंट पिएरचा चेहरा सुजवून ठेवला, आणि निकाल लागला दोन विरुद्ध एक असा, सेंट पिएरच्या बाजूने. त्या रात्री हेंड्रिक्स जिंकला असं म्हणणाऱ्यांची संख्या रेयेसवाल्यांपेक्षा कमी नव्हती. पण वहीत ही नोंद काळ्या शाईत आहे. विजय.

2004 साली मॅट ह्यूजने सेंट पिएरचा हात पिळून त्याला शरण यायला लावलं, ती वेळ होती पहिल्या फेरीची 4 मिनिटं 59 सेकंद. "एक सेकंद!" शास्त्री बोट वर करून सांगतात. "घंटा व्हायला एक सेकंद बाकी!" एका सेकंदासाठी कुणी हरतं का, असा भाव. 2007 ची मॅट सेराकडची हार तर ते अपघातांत धरतात. पहिल्याच फेरीत ठोशांनी आडवा झालेला चॅम्पियन, जिंकणाऱ्यावर कुणी पैसे लावायला तयार नव्हतं. पुढे 2017 मध्ये चार वर्षांच्या विश्रांतीनंतर सेंट पिएर परतला, बिस्पिंगला हरवून मिडलवेटचा किताब घेतला आणि एकदाही न राखता चौतिसाव्या दिवशी सोडून दिला. खबीबला तीन कमी पडले होते. इथे शून्य आहे, पण शास्त्री त्याला त्याग म्हणतात.

त्यांना लबाड म्हणणं मात्र अन्याय होईल. जोन्सबद्दल ते चिडून बोलतात तेव्हा मुद्दे खोटे नसतात. 2017 साली कॉर्मियेला लाथेने लोळवून घेतलेला किताब चाचणीत टुरिनाबॉल हे उत्तेजक सापडल्यामुळे परत गेला आणि ती लढत बेनिकाली ठरली. 2018 च्या डिसेंबरात तर त्याच्या चाचणीत काही अंश सापडले म्हणून सहा दिवसांवर आलेला अख्खा कार्यक्रम लास वेगासहून लॉस एंजेलिसला हलवावा लागला. "लोकांनी विमानाची तिकिटं काढली होती रे," शास्त्री कळवळून म्हणतात. चाहत्याच्या बुडालेल्या तिकिटाचं दुःख फक्त दावे तपासणाऱ्यालाच इतकं होऊ शकतं.

मागच्या दिवाळीत बायकोचे मामा कोल्हापूरहून आले होते. तरुणपणी तालमीत घाम गाळलेले गृहस्थ. ते चहाची बशी हातात धरून एक लढत शांतपणे बघत होते. निळ्या चड्डीवाल्याने खाली वाकून समोरच्याचे दोन्ही पाय ओढले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पट बरा काढला." मग शास्त्रींनी यादी वाचून दाखवली. मामांनी ती दहाच्या दहा ऐकून घेतली.

"आणि गामा कुठं हाय, जावईबापू?"

शास्त्रींनी चष्मा पुसला. पण फाइल उघडेना. 1910 साली लंडनला झबिश्को गामाच्या भीतीने अडीच तासांवर पोटावर पडून राहिला, कुस्ती बरोबरीत सुटली आणि पुढच्या वेळी तो आलाच नाही. 1928 ला पतियाळ्यात आला, तेव्हा गामाने मिनिटाच्या आत चितपट केला. हे सगळं मामांनीच सांगितलं. उत्तेजक चाचणी नाही, हार नाही, वादग्रस्त निकाल नाही. शेवटी शास्त्री म्हणाले, "मामा, पण ठोसे नव्हते त्यात." मामांनी बशी खाली ठेवली. "लागलेच न्हाईत म्हणायचं."

खालच्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा माखाचेववाला आहे. 2025 च्या नोव्हेंबरात इस्लाम माखाचेवने न्यूयॉर्कला वेल्टरवेटचा किताब घेतला, दुसऱ्या वजनगटातला, आणि सिल्व्हाच्या सलग सोळा विजयांशी बरोबरी साधली. मुलगा जिने चढत धावत आला. "काका, आता तरी?" शास्त्रींनी त्याला बसवलं, पोहे दिले आणि समजावलं की निवृत्त झाल्याशिवाय कुणाचंही मूल्यमापन करू नये. पोरगं बिचारं पोहे खाऊन गेलं. टोपुरिया या आणखी एका नव्या लढवय्याचं नाव काढायचा त्याला धीरच झाला नाही.

खरा घाव घरातूनच आला. शास्त्रीणबाईंना या खेळात रस नाही, पण वर्षानुवर्षं भाजी निवडताना कानावर पडून पडून त्यांचाही अभ्यास झाला आहे. एका रविवारी मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "अहो, दोन वजनगटांत किताब हवा ना तुम्हाला? चाचणी स्वच्छ हवी? जिच्याकडून किताब गमावला तिला परत हरवलेलं हवं? मग नुनेस का नाही?"

शास्त्री गप्प. अमांडा नुनेसने रोंडा राउझीला 48 सेकंदांत आणि सायबॉर्गला 51 सेकंदांत संपवलं होतं. दोन्ही किताब तिच्याकडे एकाच वेळी होते. पेन्याकडून 2021 ला हरली, 2022 ला व्याजासकट वसूल केलं, 2023 ला चॅम्पियन असतानाच निवृत्त झाली. 

"बायकांची यादी वेगळी असते," ते म्हणाले.

"कुणी ठरवलं?"

मेथीची जुडी संपेपर्यंत शास्त्रींनी कलम शोधलं. सापडलं नाही. शेवटी त्यांनी वही काढली, दहाव्या क्रमांकावरचा फेडोर खोडला, तिथे नुनेस लिहिलं आणि पानाचा फोटो मित्रांच्या गटावर टाकला. बाई "दहावी?" म्हणून वळतायत तोवर फोन वाजला. बँकवाला होता.

"फेडोरला काढलं? शुद्धीवर आहेस का तू?"

"हे बघ," शास्त्री चष्मा पुसत म्हणाले, "मुळात यूएफसीत त्याची एक तरी लढत…"