दीड सिलिंडरचा पुतण्या

(नाशिक, इंदिरानगर. रविवार सकाळ. टेबलावर मिसळीची पार्सलं, रश्श्याच्या पिशवीला काकूंनी नुकतीच कात्री लावलेली. काकांचं अंबडला बोल्टचं छोटं युनिट आहे. पुण्याहून पुतण्या आलाय; तो लोकांचा कार्बन मोजतो आणि त्याचा त्याला पगार मिळतो. निफाडकडचे मामा, म्हणजे काकूंचे धाकटे भाऊ, द्राक्षाची पेटी ठेवायला आले आणि मिसळ बघून बसले.)

पुतण्या : काका, तुमच्या जर्मन गिऱ्हाइकाचा फॉर्म वाचला. सीबॅमचा आहे. युरोपात लोखंड-पोलाद उतरलं की ते बनवताना किती कार्बन बाहेर पडला ते सांगावं लागतं. आणि 1 जानेवारी 2026 पासून त्याचे पैसेही पडतात.

काका : मी लोखंड कुठं पाठवतो? बोल्ट पाठवतो.

पुतण्या : बोल्ट, नट, स्क्रू, सगळं यादीत आहे.

काकू : पैसे कोण भरणार?

पुतण्या : तिकडचा आयातदार.

काकू : म्हणजे हेच. पुढच्या ऑर्डरला तो तेवढा भाव पाडून मागेल.

(काकू अर्थशास्त्र शिकलेल्या नाहीत. भाजी मात्र स्वतः आणतात.)

मामा : सूटबीट काही नाही का? सरकार कुठलंही असो, सूट असतेच.

पुतण्या : आहे ना. वर्षाला 50 टनांच्या आत माल आणणाऱ्या आयातदाराला माफी.

काका : मग झालं! माझे वर्षाचे 18 टन जातात.

पुतण्या : तुमचे 18. त्याचे किती? तो लुधियानाहून घेतो, तैवानहूनही घेतो.

काका : मिसळ गार होतेय.

पुतण्या : हीट ट्रीटमेंटची भट्टी कशावर चालते?

काका : गॅसवर.

पुतण्या : वर्षाला टाक्या किती?

काका : लागतील तेवढ्या.

पुतण्या : काका, फॉर्ममध्ये असं लिहिता येत नाही. पाऊलखुणा आकड्यातच लागतात.

काकू : थांब रे. आधी घरचं मोज. तुझं माप खरं की खोटं ते मला घरच्या हिशेबावरून कळेल. आणि हे पाऊल-पाऊल काय म्हणतोस मघापासून?

पुतण्या : कार्बन फूटप्रिंट. कार्बनच्या पाऊलखुणा.

काकू : पावलं गौरीची असतात. ती दारातून आत येतात. तुझी ही पावलं बाहेर जाणारी दिसतात.

पुतण्या : हा शब्द घराघरांत नेला तो ब्रिटिश पेट्रोलियमनं. 2004च्या सुमारास त्यांनी लोकांना स्वतःचा कार्बन मोजायचं गणकयंत्रच करून दिलं.

मामा : तेलवाल्यानं?

काकू : म्हणजे गुत्तेवाल्यानंच गिऱ्हाइकाला सांगायचं, तू किती प्यालास ते मोज.

पुतण्या : (ऐकू न आल्यासारखं करून) सिलिंडर किती दिवस जातो?

(काकू उठतात. फ्रिजशेजारच्या खिळ्यावर 2026चं कालनिर्णय, त्याच्या मागे 2025चं. जुनं पुढं येतं. चौकोनाचौकोनांत निळ्या पेनानं नोंदी : दूध आलं नाही तिथं फुली, इस्त्रीचे कपडे आकड्यात, सिलिंडर लावला त्या दिवशी 'गॅ'. संकष्टीचा चंद्रोदय तेवढा छापील.)

काकू : 2025 मध्ये आठ.

पुतण्या : सव्वाचौदा किलोची टाकी म्हणू. किलोभर गॅस जळला की 3 किलो कार्बन डायऑक्साइड. एका सिलिंडरचे 43 किलो, आठांचे साधारण 340. वीज?

काकू : महिन्याला 120 युनिट, सरासरी.

पुतण्या : युनिटमागे साधारण 0.7 किलो. वर्षाचा टन झाला.

काकू : टन? माझ्या घरात वीज लागली की धूर येत नाही. तो एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमणीतून येतो. तो माझ्या नावावर कसा?

पुतण्या : काकू, हिशेबाच्या तीन पायऱ्या आहेत. आपल्या चुलीतून निघाला तो पहिली. विकत घेतलेल्या विजेचा तो दुसरी. आणि आपल्यासाठी इतरांनी केला तो तिसरी. त्यात कच्चा माल, ट्रक, जहाज सगळं आलं.

मामा : म्हणजे माझ्या ट्रॅक्टरचा धूर मी मोजला, मग एक्स्पोर्टरनं मोजला, मग हॉलंडच्या दुकानदारानं मोजला?

पुतण्या : हो, पण तीन वेगळ्या वह्यांत. बेरीज करायची नसते.

मामा : बाजार समितीत असंच असतं. अडत सगळ्यांची, बटाटा एकच.

काका : पाहुणे, तुमच्यावर अजून सीबॅम नाही. द्राक्षं खा.

मामा : दाजी, आम्ही तुमच्या आधी शाळा शिकलो. 2010 आठवतं? क्लोरमेक्वाट निघालं म्हणून युरोपात आमचे कंटेनर अडले. तोवर ते औषध तिकडं मोजतात हेच इथं कुणाला माहीत नव्हतं. आता प्लॉटची नोंदणी, माल काढायच्या आधी नमुना, लॅबचा रिपोर्ट. पेटीवर नंबर असतो, त्यावरून माझा बांध सापडतो. औषधाचा अंश मोजून झाला, आता धुराचा मोजा.

पुतण्या : द्राक्षाचा आकडा बरा येतो मामा. जहाजानं जातात ना. विमानानं गेली तर कित्येक पट.

मामा : बरा येतो? तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले त्यानंतरच्या 2024च्या हंगामात जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली. दहा-पंधरा दिवस जादा. तेवढे दिवस कंटेनर थंड ठेवायचा. ते तेल कुणाच्या नावावर?

पुतण्या : हिशेबानं... द्राक्षाच्या.

मामा : द्राक्ष म्हणालं होतं का वळसा घ्या?

(पुतण्या लॅपटॉपकडे बघतो. लॅपटॉपमध्ये यासाठी रकाना नाही.)

काकू : बरं, तू कसा आलास?

पुतण्या : गाडीनं.

काकू : कोण कोण?

पुतण्या : मी एकटाच.

काकू : पुणं-नाशिक जाऊन-येऊन सव्वाचारशे किलोमीटर धर. लिटरला किती देते?

पुतण्या : पंधरा.

काकू : अठ्ठावीस लिटर. लिटरमागे तुझा आकडा किती?

पुतण्या : (हळू) 2.3 किलो.

काकू : चौसष्ट. म्हणजे तू येऊन गेलास की माझा दीड सिलिंडर जळाला. आणि मी अजून चहासुद्धा टाकलेला नाही.

मामा : ताई, याला लाल परीनं पाठवत जा.

पुतण्या : भारतात माणशी सरासरी साधारण 2 टन येते, काकू. अमेरिकेत त्याच्या सहा-सातपट. तुम्ही तशा फारच कमी आहात.

काकू : मग फॉर्म आपल्याला कसा आला?

(इथं पुतण्यानं मिसळीत पाव बुडवला. उत्तर त्याला येत नव्हतं असं नाही. ते अर्ध्या तासाचं होतं.)

काका : आकडा दिलाच नाही तर काय होतं?

पुतण्या : मग त्यांनी ठरवलेला आकडा लागतो. तो मुद्दाम चढा ठेवलाय.

काकू : मीटर बंद आहे म्हणणारा रिक्षावाला घेतो तसा.

काका : द्यायलाच हवा मग. पण टाक्यांचा हिशेब... बिलं असतील कुठंतरी. अकाउंटंट बदलला ना मध्ये.

काकू : शॉपच्या टाक्यांचा फोन कुठं येतो?

काका : घरी.

काकू : कोण घेतं?

(काका गप्प. काकू परत जुनं कालनिर्णय उघडतात. 'गॅ'च्या शेजारी हिरव्या पेनानं 'शॉ 4', 'शॉ 5', 'शॉ 3'. पुतण्या बेरीज करत सुटतो, मामा महिने वाचतात, काका चष्मा शोधतात.)

पुतण्या : 212! एकोणीस किलोच्या ना? बारा टन कार्बन डायऑक्साइड. माल किती काढला?

काका : दीडशे टन. तो मला पाठ आहे.

पुतण्या : टनामागे 80 किलो. काका, हा आकडा कंपन्या सल्लागाराला पैसे देऊन काढून घेतात!

काका : म्हणजे सुटलो?

पुतण्या : हे तुमच्या भट्टीचं झालं. वायर रॉड बाकी आहे. कोळशाच्या झोतभट्टीतलं पोलाद असेल तर टनाला दोन टनांच्या वर जातं. भंगार वितळवून केलेलं असेल तर बरंच कमी. ते मिलनंच सांगायला हवं.

काका : मिल? मी टेस्ट सर्टिफिकेट मागितलं तर तीन आठवड्यांनी येतं. त्यांना कार्बन विचारला तर कार्बन पेपर पाठवतील.

मामा : दाजी, म्हणजे ऐंशी किलो तुम्ही घासूनपुसून मोजायचे आणि दोन टन अंदाजानं?

पुतण्या : काकू, इथं एक रकाना आहे, 'माहितीचा स्रोत'. 'मासिक नोंदवही' लिहू?

काकू : कालनिर्णय लिही. खोटं कशाला?

पुतण्या : तपासनीस येईल, पुरावा मागेल.

काकू : येऊ दे. खिळ्यालाच आहे.

(फॉर्म रात्री साडेअकराला गेला. स्रोताच्या रकान्यात पुतण्यानं 'दिनदर्शिका, 2025' असं लिहिलं. वायर रॉडचा रकाना रिकामा आहे. मिलला तीन मेल गेलेत.)