वकील घडवायचं काम कुणाचं?

छत्रपती संभाजीनगरात कांचनवाडीला राष्ट्रीय विधी विद्यापीठ, अदालत रोडला जिल्हा न्यायालय, जालना रोडला हायकोर्टाचं 1981मध्ये सुरू झालेलं खंडपीठ. मराठवाड्यासह बारा जिल्ह्यांची प्रकरणं या शहरात येतात. तरीही नुकतीच सनद मिळालेल्या पोरीला साधी पुरसिस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) लिहायला कोण शिकवतं, असं विचारा. उत्तर येतं, सिनियर. त्यांना वेळ नसला तर? त्यांचा कारकून.

पहिल्या वर्षाचा ज्युनियर काय करतो ते खालच्या कोर्टात बसून बघा. पुकारा झाला की उठायचं, ‘सर हायकोर्टात आहेत, तारीख द्यावी’ म्हणायचं, तारीख डायरीत लिहायची, पुढच्या कोर्टाकडे पळायचं. साक्षीदार आपल्या सोयीचं बोलून गेला की उलटतपास तिथंच थांबवायचा असतो, हे त्याला कुणी बसवून सांगत नाही.

सनदेआधीच्या प्रशिक्षणाची तरतूद वकील कायद्यात होती. संसदेने ती 1973च्या दुरुस्तीत काढली. बार कौन्सिलने 1995मध्ये नियम करून एक वर्षाचं प्रशिक्षण परत आणलं, ते सर्वोच्च न्यायालयाने 1999मध्ये रद्द केलं. कौन्सिलला तो अधिकारच नव्हता. निकाल कायद्याला धरून होता, पण ज्युनियर होता तिथंच राहिला. 2011पासून बार परीक्षा आहे. शंभर प्रश्न, प्रत्येकाला पर्याय, कायद्याची पुस्तकं समोर. पर्यायावर खूण करता येणं म्हणजे जामीन अर्ज लिहिता येणं नव्हे.

कॉलेजात तरी शिकवावं, तर पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला वकिली करता येत नाही. म्हणजे ड्राफ्टिंगचा पेपर शिकवणारा रोज कोर्टात उभा राहत नाही, आणि जो उभा राहतो तो वर्गावर येत नाही. खरं तर 1979च्या नियमांनी वकिलाला दिवसाला तीन तास शिकवायची मुभा आहे. वीस वर्षं फौजदारी चालवलेल्या माणसाला त्या तीन तासांचं नीट मानधन द्या, कशाला येणार नाही तो? पण तासिका तत्त्वाच्या तुटपुंज्या पैशात कोण अशिलं सोडून येईल?

ज्युनियरच्या पोटाचं तर विचारूच नका. ऑक्टोबर 2024मध्ये बार कौन्सिलने शहरात महिना 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार विद्यावेतन सुचवलं. सुचवलं, सक्ती केली नाही. त्यात मे 2025पासून न्यायाधीशाच्या पहिल्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली. ज्याच्या बापाचं ऑफिस आहे तो ही तीन वर्षं काढेल. गेवराई-भोकरदनहून आलेली, घरातली पहिली वकील मुलगी खोलीभाडं कशातून भरणार? अनुभवाची अट घालणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं होतं. न्यायाधीशाच्या खुर्चीवर तिच्यासारखीच माणसं यायला हवीत.

विद्यावेतन सक्तीचं करा, त्यासाठी लागेल तर कायदा बदला. तोवर सिनियर मंडळींना हात जोडून सांगणं आहे: या महिन्यापासून ज्युनियरच्या खात्यावर पैसे टाका, आणि आठवड्याला एक तरी दावा त्याच्याकडून लिहून घेऊन, लाल पेनानं तपासून त्याला परत द्या.