आयन पाहावा पळताना: होतकरू गंगापूरकरांसाठी मार्गदर्शिका

तुमची इलेक्ट्रिक स्कूटर गंगापुरातून निघताना शंभर टक्के दाखवते आणि वाळूज एमआयडीसीच्या गेटवर पोचेपर्यंत जाहिरातीतल्या आकड्याशी तिची ओळखही उरत नाही. मेकॅनिक म्हणतो, 'बॅटरी बसली.' शहाणा माणूस एवढ्यावर गप्प बसतो. तुम्हाला मात्र बॅटरीच्या आत लिथियमचे आयन कसे पळतात ते डोळ्यांनी बघायचंय. बिडकीनला ऑरिक औद्योगिक नगरीत स्कूटरवाल्या एथरनं २०२४ साली कारखाना जाहीर केल्यापासून तालुक्या-तालुक्यात बॅटरीतज्ज्ञ पिकलेत, त्यात तुमची भर. हरकत नाही. सांगतो तसं करा.

१. फोनची किंवा स्कूटरची बॅटरी फोडू नका. या लेखातला गंमत नसलेला सल्ला एवढाच. भरलेली बॅटरी भोसकली की पेटू शकते, आणि आतल्या लिथियमच्या क्षाराला ओल लागली की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. हौस कितीही असली तरी फुफ्फुसं दोनच आहेत.

२. काय बघायचंय ते नीट समजून घ्या. तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटचा लेप, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर धातूच्या ऑक्साइडच्या बारीक कणांचा लेप, मध्ये जाळीदार पडदा आणि सगळ्यात मुरलेला द्रव. चार्जिंगला लावलं की आयन ऑक्साइडमधून निघून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. गाडी चालवली की परत येतात. लिथियम-कोबाल्ट ऑक्साइडची ही करामत १९८० साली ऑक्सफर्डला गुडइनफ यांच्या गटानं दाखवली, १९९१ मध्ये सोनीनं ती बाजारात आणली, २०१९ मध्ये तिघांना नोबेल मिळालं.

आता वाईट बातमी. या आयनाची त्रिज्या ०.०७६ नॅनोमीटर. तुम्ही ज्या उजेडात बघणार त्याची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. म्हणजे एका लाटेच्या लांबीत हजारो आयन शेजारी शेजारी बसतील आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. खचू नका. या क्षेत्रात आयन कुणालाच दिसत नाही. तरीही त्याचे चित्रपट निघतात. कसे, ते पुढे येतंच.

३. यंत्र निवडा. म्हणजे कोणतं यंत्र तुम्हाला काय दाखवणार नाही, ते निवडा.

क्ष-किरण हवे असतील तर धुळ्यावरून इंदूर गाठा. तिथे राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन आहे. २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन त्यात गोल गोल फिरतात आणि वळणावळणावर क्ष-किरण फेकतात. आधी प्रस्ताव पाठवा. तो मंजूर झाला की रात्रपाळी मिळेल, कारण नवशिक्यांना रात्रपाळीच मिळते. मग कळेल की क्ष-किरण अडतात ते इलेक्ट्रॉनांना, आणि लिथियमकडे मुळात तीन इलेक्ट्रॉन. आयन झाला की दोनच. कोबाल्टकडे सत्तावीस. त्यामुळे तुम्ही बघणार कोबाल्ट. लिथियम निघून गेल्यावर कोबाल्टचा चेहरा कसा बदलतो त्यावरून लिथियम गेलाय, एवढं ताडायचं. गावात कोण कुणाकडून पळालं हे शेजाऱ्यांच्या तोंडाकडे बघून ओळखता येत असेल, तर तुमचा निम्मा अभ्यास झालेला आहे.

लिथियमच बघायचा हट्ट असेल तर न्यूट्रॉन वापरा. निसर्गातल्या लिथियमपैकी साधारण साडेसात टक्के अणू लिथियम-६ जातीचे, आणि त्यांना न्यूट्रॉन गिळायची भारी भूक. अडचण एवढीच की न्यूट्रॉन दुकानात मिळत नाहीत, अणुभट्टी लागते. ट्रॉम्बेला ध्रुव आहे, १९८५ पासून, १०० मेगावॅटची. प्रवेशद्वारावर 'स्कूटर कमी पळते' हे कारण सांगू नका. शिवाय न्यूट्रॉनच्या छायाचित्रातला एकेक ठिपका काही दहा मायक्रॉनांचा, आणि तुमच्या लेपाची जाडीच शंभरेक मायक्रॉन. अणुभट्टीपर्यंत जाऊन हाती येणार त्या काही चौकोनी ठिपक्यांच्या ओळी. फ्रेम करून घरी लावा.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात सगळं सुरेख दिसतं, पण आत निर्वात असतो आणि बॅटरीतला नेहमीचा द्रव त्यात उडून जातो. उपाय सोपा: द्रव काढून टाका. पुरा लेप मावत नाही? एक तार ठेवा. २०१० साली अमेरिकेत टिन ऑक्साइडची एकच नॅनोतार, निर्वातात न उडणारा खास द्रव आणि सूक्ष्मदर्शक एवढ्या सामग्रीवर हे झालं. लिथियम शिरताना तार फुगून वेटोळी झाली आणि चित्र जगभर गाजलं. बॅटरी बघण्यासाठी त्यातली बहुतेक बॅटरी काढून टाकावी लागते. तक्रार कोण करणार, तार?

राहता राहिला साधा उजेड, आणि इथे मात्र मला खरंच टोपी काढावीशी वाटते. केम्ब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २०२१ साली कणावरून परत आलेला आणि विखुरलेला प्रकाश एकमेकांत मिसळून, त्यातल्या बारीक चढउतारावरून, लिथियम-कोबाल्ट ऑक्साइडच्या एकेका कणात जास्त लिथियम आणि कमी लिथियम यांमधली सीमारेषा सरकताना पाहिली. चार्ज होताना वेग ठरतो आयन कणाच्या आतून किती लवकर वाट काढतात त्यावर. वापरताना तो ठरतो ते कडेवरून आत किती लवकर शिरतात त्यावर. जाण्यायेण्याची अडवणूक वेगवेगळ्या ठिकाणी. तुम्ही मात्र एवढा मुद्देसूद निष्कर्ष काढू नका, पुढचं अनुदान धोक्यात येईल.

अगदीच फाटका खिसा असेल तर ग्रॅफाइट बघा. लिथियम भरत जातो तसा तो राखाडीचा निळसर, मग तांबूस आणि पूर्ण भरल्यावर चक्क सोनेरी होतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. आई विचारेल, 'तोळ्याला काय भाव?' तिला सांगा, दमट हवा लागली की हे सोनं काळवंडतं. ती म्हणेल, मग कशाला केलंस.

४. खिडकी पाडा. सेल पोलादी डबीत बंद असतो. आत बघायचं तर डबीला भोक पाडून काच बसवावी लागते. काचेखालच्या भागावर दाब वेगळा, प्रवाहाचं वाटप वेगळं, म्हणजे तिथली बॅटरी बाकीच्या बॅटरीसारखी वागेलच असं नाही. याला 'चालू अवस्थेतील निरीक्षण' म्हणा.

५. आर्गन आणा. हे सगळं आर्गन भरलेल्या काचेच्या हातमोजे-पेटीत करायचं. आत पाण्याची वाफ दहा लाखांत एका भागाहूनही कमी. आर्गन वाळूजला मिळेल, तिथे आर्गन वेल्डिंगवाले पुष्कळ. वेल्डिंगचं सिलिंडर चालतं का, असं पुण्याला पाषाणच्या सी-मेट किंवा शेजारच्या एनसीएल या संशोधन संस्थांमध्ये विचारू नका. ९९.९९९ टक्के शुद्ध लागतं हे ते ज्या सुरात सांगतील, तो सूर सहन होत नाही. पुण्यातच आयसर या विज्ञानसंस्थेच्या साथीनं केपीआयटी कंपनीनं डिसेंबर २०२३ मध्ये सोडियमच्या बॅटरीचं तंत्र आणलंय, तेव्हा लिथियमची फॅशन उतरायच्या आत आटपा.

६. लाईट जाईल, हे गृहीत धरा. सावकाश चार्जिंगचा प्रयोग दहा तास चालतो. गंगापुरात उन्हाळ्यात दहा तास सलग लाईट हा वेगळ्या शोधनिबंधाचा विषय आहे. म्हणून इन्व्हर्टर बसवा. त्याला बहुधा शिशाची जुनी, जाडजूड बॅटरी असेल. तिच्यात डिस्टिल वॉटर वेळेवर घाला. भविष्याचा सारा अभ्यास तिच्याच खांद्यावर आहे.

७. रंग भरा. सूक्ष्मदर्शकातून येतं ते करडं, धूसर, हलणारं काहीतरी. तसंच छापलंत तर तुमची बायकोसुद्धा बघणार नाही. संगणकाला सांगा: जिथे लिथियम जास्त असावा असं आपल्याला वाटतं तिथे भगवा-पिवळा, कमी तिथे निळा. आयनाला स्वतःचा रंग नसतो, त्यामुळे तो हरकत घेत नाही. दहा तासांचं दहा सेकंदांत पळवा. आता आयन खरंच पळताना दिसतील.

८. कण निवडा. नाण्याएवढ्या सेलमध्ये लाखो कण असतात, स्कूटरच्या पॅकमध्ये मोजायची सोय नाही. काहींना तडे गेलेले, काही विजेपासून तुटलेले, काही नुसतेच पडून. लाल परीच्या खिडकीत बसलेल्या एका हसऱ्या प्रवाशावरून अख्ख्या गाडीचा मूड सांगावा, तसं काम करायचंय. छान गोलसर, वेळेवर चार्ज होणारा, फोटोत चांगला येणारा कण शोधा आणि त्याखाली लिहा: 'प्रातिनिधिक कण'.

९. बातमी द्या. 'गंगापूरच्या तरुणानं पाहिला आयन. आता पाच मिनिटांत चार्जिंग' असं पत्रकारच लिहील, तुम्ही फक्त नाही म्हणू नका. स्कूटर आजही वाळूजच्या अलीकडेच दम सोडते का, असं कुणी विचारलं तर विषय मूलभूत संशोधनाकडे वळवा.

१०. परीक्षकाची तयारी ठेवा. शोधनिबंध तपासणारा एक तरी खडूस निघतोच. तो विचारेल, दुसऱ्या कणातही असंच दिसतं का? रागावू नका, त्याचे आभार माना आणि आणखी सहा महिने मागा. दुसरा कण निवडताना मात्र पहिल्यासारखाच दिसणारा निवडा.