पंचसाहेब, वय वर्षे 19

फुटबॉलचा रेफरी व्हायला परीक्षा द्यावी लागते, हे कोल्हापुरात कुणाला पटत नाही. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेला प्रत्येक जण जन्मजात रेफरी असतो. पलीकडच्या कोपऱ्यातला फाउल त्याला इथून दिसतो, गर्दीतला हँड दिसतो. आपला गडी मुद्दाम पडतो तेव्हा मात्र तो नेमका शेंगा सोलत असतो. अशा गावात आमच्या पेठेतल्या एका पोरानं फॉर्म भरून, फी देऊन, पुस्तक वाचून रेफरी व्हायचं ठरवलं. बातमी तालमीत पोचली तेव्हा तात्यांनी एवढंच विचारलं, "घरात काय भांडण झालंय काय रं?"

तात्यांचंही चूक नव्हतं. पाटाकडील, शिवाजी तरुण, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही इथं नुसती संघांची नावं नाहीत. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनी पुढं फुटबॉलचे संघ काढले आणि घरंच्या घरं त्या त्या संघाला वाटली गेली. इथं माणूस गरीब असलेला चालतो, बेकार असलेला चालतो. कुठल्याच बाजूचा नाही म्हटल्यावर मात्र लोक त्याच्याकडं संशयानं बघतात. आमच्या या पोरानं एकोणिसाव्या वर्षी जाहीर केलं, की आजपासून मी कुणाचाच नाही. त्या दिवसापासून पेठ त्याला पंचसाहेब म्हणायला लागली. म्हणण्यात आदर किती आणि कुचेष्टा किती, हे म्हणणारा कुठल्या तालमीचा यावर ठरायचं.

तसे पंचसाहेब तालमीच्या संघात होते. म्हणजे बाकावर होते. दोन हंगाम बाकावर काढले की माणसाला वाचनाची गोडी लागते. पंचसाहेबांनी खेळाचे सतराच्या सतरा नियम पाठ केले. चेंडूचा घेर 68 ते 70 सेंटिमीटर असावा असं वाचल्यावर आईच्या शिलाई मशीनवरची टेप खिशात घातली आणि तालमीतले सगळे चेंडू मोजून दोन बाद ठरवले. त्यातला एक चेंडू तात्यांनी स्वतःच्या पैशानं आणलेला होता. पंचसाहेबांचं पहिलं वैर तिथं जन्मलं.

लेखी परीक्षेची तयारी अशी झाली. धावायची झाली ती गांधी मैदानावर. फिफाच्या पुरुष पंचांना 75 मीटर 15 सेकंदांत पळायचं, मग 25 मीटर 18 सेकंदांत चालायचं आणि हे चाळीस वेळा करायचं, असं यांना कुठूनसं कळलं. एवढी कठीण चाचणी यांच्या परीक्षेत नव्हतीच, पण मागितलं तेवढंच देणारा माणूस रेफरी होत नाही. फिरायला आलेल्या आजोबांना कळेना, की हे पोर एवढं जीव तोडून पळतंय आणि मध्येच देवदर्शनाला निघाल्यागत चालतंय का. एकानं थांबवून विचारलंसुद्धा, "पोलिसभरती हाय काय रं?" पंचसाहेब धापा टाकत म्हणाले, "नाही आजोबा, रेफरी." आजोबांनी हळहळून पाठीवर हात ठेवला.

मग शिट्टी. वर्गात सांगितलं होतं, की साध्या फाउलला आखूड शिट्टी, पेनल्टीला किंवा कार्डाला लांब आणि जोरकस. पंचसाहेब पहाटे गच्चीवर जाऊन दोन्ही घोटून घ्यायचे. शेजारच्या काकू झोपेतच तीन मोजून गॅस बंद करायच्या आणि डाळ कच्ची राहिली म्हणून कुकरवर चिडायच्या. आईनं जत्रेतली शिट्टी वापर म्हणून सुचवलं, तर पंचसाहेबांनी तिला कॅनडाच्या रॉन फॉक्सक्रॉफ्टची कथा ऐकवली. हा बास्केटबॉलचा पंच. ऐन सामन्यात शिट्टीतला मणी अडकला आणि शिट्टी वाजलीच नाही. म्हणून त्यानं बिनमण्याची शिट्टीच बनवून बाजारात आणली. "अशी पाहिजे," पंचसाहेब म्हणाले. आई म्हणाली, "न वाजणारी कुठं मिळती बघ."

दसरा चौकात सिग्नलला गाडीवर मागं पंचसाहेब असले की ऐकून घ्यावंच लागतं. केन ॲस्टन नावाच्या इंग्लिश पंचाला लंडनमध्ये सिग्नल बघूनच पिवळ्या आणि लाल कार्डाची कल्पना सुचली, आणि 1970 च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात ती कार्डं पहिल्यांदा आली. कथा संपेपर्यंत सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झालेला असतो. मागचे हॉर्न वाजवत, रेफरीला घालतात तसल्या शिव्या घालत असतात. पंचसाहेबांना त्याचं काही वाटत नाही. सराव होतो म्हणतात.

वही हा त्यांचा आणखी एक सोस. 2006 च्या विश्वचषकात ग्रॅहम पोल या इंग्लिश पंचानं क्रोएशियाच्या सिमुनिचला तीन पिवळी कार्डं दाखवली. दुसऱ्यालाच बाहेर काढायला हवं होतं, पण ते कार्ड वहीत ऑस्ट्रेलियाच्या 3 नंबरच्या नावावर पडलं होतं. सिमुनिचही 3 नंबरचाच! ही कथा ऐकल्यापासून पंचसाहेब सगळं लिहून ठेवतात. बहिणीनं रिमोट किती वेळा ओढला, वडील कितव्यांदा ओरडले, सगळं मिनिटासह. वडील चिडून अंगावर आले की दोन्ही हात पुढं पसरून "ॲडव्हान्टेज, खेळ चालू" म्हणतात. एकदा वडिलांनी तो ॲडव्हान्टेज घेतलासुद्धा. गालावर बोटं उमटली होती.

यथावकाश पंचसाहेब पास झाले. काही दिवस लाइनवर झेंडा धरल्यावर चौदा वर्षांखालच्या पोरांचा एक सामना त्यांच्या वाट्याला आला. एका बाजूला तात्यांचा नातू. उत्तरार्धात समोरच्या संघानं थ्रो घेतला. त्यांचा एक चिमुरडा बचावफळीच्या मागं एकटाच बुटाची नाडी बांधत बसला होता. चेंडू आला, त्यानं उठून गोलात ढकलला. "ऑफसाईड!" म्हणून सगळं मैदान ओरडलं. पंचसाहेबांनी मध्यरेषेकडं हात केला. गोल!

तात्या धोतर सावरत थेट आत. "आंधळा हाईस काय?"

"तात्या, रेषेबाहेर व्हा."

"मला सांगतोस? तुझ्या बाच्या बारशाला घुगऱ्या खाल्ल्यात मी!"

"माहीत आहे. बाहेर जाऊन सांगा."

आवाज एवढा ठाम की आम्हीही चपापलो. मी जवळच उभा होतो म्हणून दिसलं. पाठीमागं धरलेल्या हातात शिट्टीची दोरी बोटाला दोन-तीनदा आवळलेली, आणि बोटाचं टोक पांढरंफटक पडलेलं. हजारो माणसांना जे अगदी स्पष्ट दिसतं ते दिसायला काही लागत नाही. कुणालाच दिसलेलं नसतं ते एका क्षणात ठरवायचं, आणि संध्याकाळी त्याच गल्लीतून घरी जायचं, याला छाती लागते.

संध्याकाळी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर दोघं समोरासमोर आलेच. पंचसाहेबांनी पेला खाली ठेवून समजावलं, "तात्या, थ्रो, गोलकिक आणि कॉर्नर, या तिन्हींवर थेट आलेल्या चेंडूला ऑफसाईड नसतो. नियम अकरा." तात्यांनी मिशीवरचा फेस पुसला. "पुस्तकात काय बी लिहित्यात," म्हणाले आणि दोघांच्या दुधाचे पैसे देऊन निघून गेले. पंचसाहेबांनी वही काढून तेही लिहून ठेवलं. पंचानं कुणाचं काही घ्यायचं नसतं, उद्या परत करायचे म्हणाले.

पुढं शाहू स्टेडियमवर मोठ्या सामन्यात थ्रोवरून तस्साच गोल झाला. आमच्या पायऱ्या एका सुरात "ऑफसाईड" म्हणून पेटल्या. तेवढ्यात तात्या उभे राहिले, मागं वळले आणि गरजले, "गप बसा की लेकांनो! थ्रोला ऑफसाईड नसतो. नियम अकरा! एवढं बी ठावं न्हाई आणि मॅच बघाय येता?"

लोक चाट पडले. कुणीतरी विचारलं, "तात्या, तुम्हाला कसं ओ ठावं?"

"आमच्या पेठंत रेफरी हाय," तात्या छाती काढून म्हणाले, "मीच शिकवलंय त्याला." आणि खाली बसता बसता मैदानातल्या रेफरीला ओरडले, "अयं आंधळ्या, घड्याळ बघ!"