नियमशास्त्री

बोर्डगेम खेळणाऱ्या प्रत्येक टोळीत एक माणूस असा असतो की तो आल्याशिवाय खोक्याचं झाकण कुणी उघडत नाही. उघडून करायचं काय, हेच इतरांना ठाऊक नसतं. खोक्यात शे-दीडशे पत्ते, लाकडी घरं, पुठ्ठ्याची नाणी आणि सोळा-वीस पानांची एक पुस्तिका असते. ही पुस्तिका मुखोद्गत असलेला गृहस्थ म्हणजे नियमशास्त्री.

आमच्या टोळीत त्याला सरळ शास्त्रीबुवा म्हणतात. वय पस्तिशीचं, नोकरी हिंजवडीत, पाठीवर एरवी लॅपटॉपची आणि रविवारी खोक्यांची सॅक. पण वृत्ती जुनी. पूर्वी एकादशी दोन दिवस आली की स्मार्त कुठली, भागवत कुठली, हे सांगायला कुणीतरी ‘निर्णयसिंधू’ उघडून बसायचं. हा त्याच घराण्यातला. फरक इतकाच की याचा सिंधू जर्मनीत उगम पावतो.

या खेळांचं माहेर खरोखरच जर्मनी. दातांच्या कवळ्या बनवण्याचा व्यवसाय असलेल्या क्लाउस टॉयबर यांनी 1995 साली ‘कतान’ हा खेळ आणला आणि जगभरच्या घरांतल्या जेवणाच्या टेबलांवर बेटं उगवली. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास एसेन शहरात या खेळांची जत्रा भरते. शास्त्रीबुवा तिथे अजून गेलेला नाही, पण एसेनचं नाव घेताना त्याचा आवाज आपसूक खाली येतो. आपल्याकडे पंढरपूरचं नाव घेताना येतो, तसा.

तो घरात शिरतो तेव्हा पहिली आज्ञा नियमांची नसते, फराळाची असते. भडंग चमच्याने. भजी टेबलापासून लांब, आणि भजी खाल्लेला हात धुतल्याखेरीज पत्त्याला लागणार नाही. त्याच्या प्रत्येक पत्त्याला प्लास्टिकचं पारदर्शक अंगडं असतं. ती चढवण्यात त्याच्या सुट्ट्या जातात. प्रत्येक रंगाची सोंगटी वेगळ्या पिशवीत. एकदा निळ्या पिशवीत एक हिरवं घर निघालं, तर याने मागच्या डावाला कोण कोण बसलं होतं त्याची चौकशी लावली होती.

मग नियमांचं निरूपण. नवा भिडू असेल तर ते पहिल्यापासून होतं, आणि नवा भिडू एखादा असतोच. कारण आधीचा परत आलेला नसतो. ‘ॲग्रिकोला’ सांगायला घेतला की चहाच्या दोन फेऱ्या होतात. उवे रोझेनबेर्ग यांचा हा 2007 सालचा खेळ शेतीचा. चौदा फेऱ्या, त्यात सहा वेळा सुगी, आणि दर सुगीला घरातल्या माणसांच्या तोंडी अन्न घालायचं. कमी पडलं तर प्रत्येक तुटीमागे भिकेचा पत्ता, उणे तीन गुण. आठवडाभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली माणसं रविवारी जर्मन शेतकरी होऊन, दोन घास कमी पडले म्हणून हवालदिल होतात. शास्त्रीबुवाला त्यांची दया येत नाही. ‘पेरणीच्या आधी मी सांगितलं होतं,’ एवढंच तो म्हणतो. सांगितलेलं असतंच. पण तेव्हा आपण चहात बिस्कीट बुडवत असतो.

डाव सुरू झाला की त्याचा खरा अवतार दिसतो. तर्जनी वर जाते आणि ‘एक मिनिट’ असे दोन शब्द येतात. हे एक मिनिट फार भारी असतं. कतानमध्ये तुमची पाळी नसताना तुम्ही शेजारच्याशी दोन विटांचा सौदा केला, एक मिनिट: ज्याची पाळी, त्याच्याशीच सौदा. साताचं दान पडलं आणि तुम्ही आठ पत्ते हातात धरून छताकडे बघताय, एक मिनिट: सातापेक्षा जास्त पत्ते असतील तर निम्मे परत. पडलेला फासा टेबलाखाली गेला, तर तो ग्राह्य की नाही यावर पुस्तिका गप्प आहे. ते मौन त्याला रात्रभर छळतं.

मोनोपॉलीचा विषय तर त्याच्यापुढे काढूच नये. लहानपणी आपण सगळ्यांनीच तो खेळ किंवा त्याचा देशी चुलतभाऊ ‘व्यापार’ उन्हाळ्याच्या सुट्टीत फरशीवर पालथं पडून खेळलेला असतो. शास्त्रीबुवाच्या मते आपलं सगळ्यांचं बालपण बेकायदेशीर होतं. मोनोपॉलीत ‘फ्री पार्किंग’च्या घरात आल्यावर कुणालाही दमडी मिळत नाही, मधोमध दंडाच्या नोटा साठवायची रीत लोकांनी लावलेली. एखाद्याने जागा घ्यायला नकार दिला, तर तिचा तिथल्या तिथे लिलाव झालाच पाहिजे, हे छापील कलम कुणी पाळत नाही. ‘म्हणून तुमचा डाव संध्याकाळपर्यंत संपायचा नाही,’ असं तो सांगतो तेव्हा आपण आजोळच्या आठवणीत असतो आणि तो कलमात.

त्याच खेळातली एक खुबी तो कुणाच्या लग्नाच्या पंगतीतही ऐकवतो. बँकेकडे घरं फक्त 32. तेव्हा चार घरं बांधून गप्प बसायचं, हॉटेल बांधायचंच नाही. हॉटेल बांधलं की ती घरं परत जातात आणि शेजारी बांधतो. न बांधलं तर घरांचा दुष्काळ पडतो, पैसा असून शेजाऱ्याला छप्पर मिळत नाही. हे सांगताना त्याच्या डोळ्यांत बिल्डरची चमक येते. 1904 साली या खेळाच्या मूळ रूपाचं पेटंट घेणाऱ्या लिझी मॅगी बाईंना जमिनीच्या मक्तेदारीचे तोटे दाखवायचे होते, हेही त्यालाच ठाऊक असतं. जिलबी वाढणारा मात्र तोवर पुढच्या पंगतीत गेलेला असतो.

एक खुलासा इथे केला पाहिजे. शास्त्र्याची आणि सेनापतीची लोक नेहमी गल्लत करतात. सेनापती ही जमात वेगळी, आणि माझ्या मते जास्त उपद्रवी. ‘पँडेमिक’सारख्या खेळात सगळे मिळून चार रोगांशी लढतात, जिंकायची वाट एक, हरायच्या तीन. तिथे सेनापती स्वतःची पाळी खेळून झाल्यावर तुमचीही खेळतो. तुम्ही फक्त सोंगटी सरकवणारा हात. शास्त्री असं कधी करणार नाही. तुम्ही खड्ड्यात चाललात तर तो खुशाल जाऊ देतो. खड्ड्यात नियमाप्रमाणे उतरलात ना, एवढंच बघतो.

आता डावपेचाचं. आपल्याला वाटेल, एवढं पाठांतर असलेला माणूस दर रविवारी जिंकत असेल. अभ्यासात कमी नाही. कतानमध्ये पहिली वस्ती कुठे टाकायची याचं त्याचं गणित पक्कं आहे. दोन फाशांची दानं 36. त्यांत सात सहा वेळा, सहा आणि आठ पाच-पाच वेळा, दोन आणि बारा एकेकदाच. म्हणून लाल आकड्याशेजारी बसा. आधी लाकूड आणि विटा, नंतर गहू आणि खनिज. दुसरी वस्ती टाकताना तिच्याभोवतीचा माल लगेच हातात येतो, हे विसरू नका. सगळं बरोबर. पण फाशांनी हे वाचलेलं नसतं. त्याच्या आठापेक्षा आमच्या यजमानांच्या आईंचे अकरा जास्त पडतात.

या काकूंची विद्या लाडीस आणि मेंढीकोटाची. इंग्रजी पुस्तिका त्यांनी उघडलेली नाही, पण कुणाच्या हातात किती लोकर आहे हे त्यांना बघावं लागत नाही. सौदाही असा, की गहू देऊन आपणच त्यांचे आभार मानतो.

गेल्या पावसाळ्यातला कतानचा एक डाव. दहा गुण झाले की जिंकलं. शास्त्रीबुवा आठांवर, काकू सातांवर, यजमान सात तुकड्यांच्या रस्त्याचे दोन गुण घेऊन मिशीवर ताव देत बसलेले. माझ्याबद्दल न बोललेलं बरं. शास्त्रीबुवाने यजमानांच्या रस्त्याच्या मधोमध रिकामा नाका हेरला आणि तिथे आपली वस्ती ठेवली. रस्ता तुटला, चार एकीकडे, तीन एकीकडे. शास्त्रीबुवा नवांवर गेला. लांब रस्त्याचा पत्ता यजमानांपुढे तसाच पडला होता. कुणी काही बोलेना. बोलायचं असतं हेच कुणाला माहीत नव्हतं.

‘एक मिनिट,’ शास्त्रीबुवा म्हणाला.

त्याने सगळ्यांचे रस्ते बोटाने मोजले. किमान पाच सलग लागतात. पाच फक्त काकूंचे होते. त्याने पत्ता उचलला आणि स्वतःच्या हाताने काकूंपुढे ठेवला. ‘मला कशाला?’ काकू म्हणाल्या. ‘नियम आहे,’ तो म्हणाला. सातांचे नऊ झाले. वस्ती ठेवण्याआधी हे त्याला दिसलं नसेल, यावर माझा विश्वास नाही.

पाळी काकूंची. त्यांनी लोकर, गहू आणि खनिज देऊन गड्डीतला एक पत्ता विकत घेतला, चष्मा वर करून वाचला आणि टेबलावर उताणा टाकला. गुणाचा पत्ता. पंचविसांत असे पाचच असतात.

‘आई, ते चालत नाही,’ यजमान उसळून म्हणाले. ‘घेतलेला पत्ता त्याच पाळीत खेळता येत नाही. खरं ना रे?’

खोलीतल्या सगळ्या माना शास्त्रीबुवाकडे वळल्या. ‘खरं’ एवढं म्हटलं असतं तर पुढच्या पाळीला जिंकायची संधी त्याचीच होती. काकूंनी पुस्तिका वाचलेली नव्हती, मीही नव्हती. पण त्याचा चेहरा असा काही खुलला की आता घास आपला नव्हे, हे मला कळलं.

‘तो नियम बाकीच्या पत्त्यांना,’ तो म्हणाला. ‘गुणाच्या पत्त्याला अपवाद आहे. घेतल्या पावली उघडता येतो. काकू, दहा झाले. तुम्ही जिंकलात.’ आणि खात्रीसाठी पान काढून त्याने यजमानांच्या नाकापुढे धरलं.

सोंगट्या रंगवार पिशव्यांत जाईपर्यंत काकूंनी चहा आणला. ‘पुढच्या रविवारी तू आमच्यात मेंढीकोटाला बस,’ त्या म्हणाल्या. ‘भिडू कमी पडतोय.’

शास्त्रीबुवाने लगेच खिशातलं पेन काढलं. हुकूम कसा ठरतो? काकू म्हणाल्या, कधी बंद हुकूम, कधी कट हुकूम, जसं जमेल तसं. दोन्हीकडे दोन-दोन मेंढ्या आल्या तर? तर ज्यांचे हात जास्त. हे सगळीकडे असंच? ‘छे,’ काकू म्हणाल्या, ‘माझ्या माहेरी निराळं. कोल्हापूरच्या वन्संकडे तिसरंच.’

‘मग लिहिलेलं कुठे आहे?’

‘लिहायचं काय त्यात? भांडण झालं की ठरतं.’

शास्त्रीबुवाने वहीत ‘भांडण’ असा मथळा लिहिला, खाली रेघ ओढली आणि विचारलं, ‘साधारण किती वाजता होतं?’