कंदीलधारी पालक

कंदीलधारी पालक ही जर्मनीत, विशेषतः ऱ्हाइन नदीकाठच्या गावांत आणि शहरांत, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास रस्त्यावर उतरणारी जमात आहे. ती ओळखण्याच्या खुणा तीन आहेत. एका हातात दोन ते सहा वर्षांचे मूल, दुसऱ्या हातात काठीला लटकवलेला कागदी कंदील, आणि हा कंदील आपला नाही हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू पाहणारा चेहरा. नोकरी करून राहणारे मराठी आईबाप ही या जमातीची अलीकडची पोटजात होय. प्रस्तुत वर्णन मुख्यतः तिच्यातल्या वडिलांचे आहे.

निमित्त संत मार्टिन यांच्या दिवसाचे असते. मार्टिन चौथ्या शतकातले. आजच्या हंगेरीत जन्मले आणि रोमन सैन्यात गेले. फ्रान्समधल्या आमियाँ शहराच्या वेशीवर त्यांना थंडीने कुडकुडणारा भिकारी दिसला. त्यांनी तलवारीने आपल्या अंगावरचे वस्त्र मधोमध कापले आणि अर्धे त्याला दिले, अशी कथा आहे. पुढे ते तूर शहराचे बिशप झाले. ते पद टाळण्यासाठी ते हंसांच्या खुराड्यात लपले आणि हंसांनी कलकलाट करून त्यांना पकडून दिले, अशीही एक कथा सांगतात. या दिवशी हंस भाजून खाण्याची चाल आहे, त्यावरून चहाडीची शिक्षा किती पिढ्या भोगावी लागते हे दिसते. ११ नोव्हेंबर ३९७ रोजी मार्टिन यांचे दफन झाले. म्हणून ही तारीख, आणि म्हणून ही मिरवणूक.

पालकाचा हंगाम मात्र आधीच सुरू होतो. बालवाडीतून चिठ्ठी येते. अमुक संध्याकाळी ‘बास्टेलन’ला, म्हणजे कात्री-डिंकाच्या कामाला, पालकांनी यावे. मुलांना त्या वेळी घरी ठेवायचे असते, यावरून कंदील कोण करतो हा प्रश्न निकालात निघतो. खुर्च्या मुलांच्या मापाच्या असल्यामुळे पालकांचे गुडघे कानाला टेकतात. चीजच्या गोल खोक्याचा तळ, त्याभोवती झिरझिरीत रंगीत कागद आणि वर तारेची कडी, एवढाच मामला असतो. मराठी पालक इथे थोडा तोऱ्यात शिरतो. लहानपणी त्याने कामट्या तासून, खळ लावून आकाशकंदील केलेला असतो. निदान वडील करत असताना कामट्या धरलेल्या असतात. अर्ध्या तासात त्याच्या लक्षात येते की आपला अनुभव धरण्याचा आहे, करण्याचा नव्हे. शेजारची आई तेवढ्यात कोल्हा पूर्ण करून त्याला मिशा लावत असते.

आकारांत कोल्हा, साळू आणि घुबड यांना मागणी फार. मुले बहुधा घुबड मागतात. कंदील घरी आल्यावर व्हिडिओ कॉलवरून आजीचा आवाज येतो, “अरे, ऐन दिवाळसणात घरात घुबड कशाला?” दिवाळी कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात येते, त्यामुळे हा आक्षेप दर वर्षी कमीअधिक लागू पडतो. घुबड लक्ष्मीचे वाहन आहे, हे उत्तर पालक देतो. आजीला ते ठाऊक असते, पटत नाही.

मिरवणुकीच्या संध्याकाळी निघताना पहिली अडचण दिव्याची येते. पूर्वी कंदिलात मेणबत्ती असे आणि ज्याचे जळते त्याला कळते ही म्हण शब्दशः खरी ठरे. आता काठीच्या टोकाला सेलवर चालणारा छोटा दिवा असतो. तो दारातच लागत नाही. मग टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढले जातात. यानंतर मुलाला पावसाळी विजार, जाड जाकीट, टोपी आणि हातमोजे चढवले जातात. सगळे चढवून झाल्यावर मूल शू लागल्याचे जाहीर करते.

वरातीमागून घोडे ही मराठी म्हण इथे उलटी पडते. घोडे सर्वांत पुढे असते. त्यावर लाल वस्त्र पांघरलेला, रोमन शिरस्त्राण घातलेला मार्टिन बसतो. मागे वाजंत्री आणि मग कंदिलांची रांग. वाहतूक थांबवायला पोलीस किंवा अग्निशमन दलाचे लोक असतात.

मुलाचा उत्साह तीन टप्प्यांत मोजता येतो. पहिली पाच मिनिटे कंदील त्याच्या हातात असतो आणि कोणी बोट लावलेले त्याला चालत नाही. दुसऱ्या टप्प्यात तो पुढच्या बाईच्या पाठीला लागतो, पालक माफी मागतो आणि काठी ‘तेवढ्यापुरती’ स्वतःकडे घेतो. तिसऱ्या टप्प्यात मूल खांद्यावर बसते. त्याच्या मित्राने टाकून दिलेला कंदीलही एव्हाना याच पालकाकडे आलेला असतो, कारण एक कंदील धरलेला मनुष्य दुसऱ्यालाही नाही म्हणणार नाही असा सार्वत्रिक समज आहे. वाटेत कंदिलांची गाणी म्हणतात. पालकाला पहिली ओळ पाठ असते. दुसरीपासून तो ओठ हलवतो आणि ‘लाटेर्ने’ म्हणजे कंदील हा शब्द आला की पुन्हा मोठ्याने सामील होतो. मुलाला सगळी कडवी येतात. वडिलांचे उच्चार ते खांद्यावरून सुधारते.

मिरवणूक मोकळ्या जागेत थांबते. तिथे मोठी शेकोटी पेटवतात आणि वस्त्र कापण्याचा प्रसंग करून दाखवतात. दयाबुद्धीचा संस्कार व्हावा म्हणून पालक मुलाला उंच धरतो. मूल तो सगळा वेळ घोड्याच्या शेपटीखाली काय होते आहे ते पाहत असते, आणि पुढचे कित्येक दिवस उत्सवाचे वर्णन तेवढ्याच प्रसंगाच्या आधारे करते.

शेवटी मुलांना ‘वेकमान’ मिळतो. हा माणसाच्या आकाराचा गोडसर पाव असतो. डोळे बेदाण्यांचे असतात आणि ऱ्हाइनकडे हातात मातीची पांढरी चिलीमही खोचलेली असते. दिवसाचा बोध वाटून खाण्याचा असल्याने पालक मुलाकडे अपेक्षेने पाहतो. मूल विचार करते आणि चिलीम वडिलांना देते.

घरी परतेपर्यंत मूल झोपलेले असते. घुबड गॅलरीत आकाशकंदिलाशेजारी टांगले जाते. आकाशकंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवण्याची रीत असल्याने त्याला काही दिवस सोबत मिळते. चिलीम स्वयंपाकघरातल्या खणात, मागच्या वर्षीच्या चिलमीजवळ जाते. सेल रिमोटमध्ये परत जातात.